कोकणातल्या कच्च्या वाटांवर बाईक चालवायची तर आधी बूट बघा

कोकणात ऑफरोड चालवताना वेग बहुतेक वेळा ताशी दहा-वीसच असतो. चिऱ्याच्या खाणीकडे जाणारी वाट, काजूच्या बागेतला पाल्याने झाकलेला उतार, पावसात शेवाळलेला कातळ. अशा जागी पुढचं चाक सरकतं, गाडी कलते, तोल सावरायला पाय खाली जातो आणि दीडशे किलोच्या पुढची बाईक घोट्यावर येते. नाहीतर गुडघा थेट जांभ्यावर आपटतो. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: हेल्मेट तर हवंच, त्यानंतर आधी बूट, मग नी गार्ड आणि मग बाकीचं. पुष्कळ जण आधी महागडं जॅकेट घेतात आणि पायात स्पोर्ट्स शूज घालतात. हा क्रम चुकीचाच आहे.

बूट नडगी झाकणारे, बकलचे घ्या. आतल्या लेबलवर ईएन १३६३४ (ईएन म्हणजे युरोपियन मानक) आणि त्याखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. चौथा आकडा तळवा आडवा दाबला गेला तर बूट किती तग धरतो ते सांगतो. तिथे २ हवा. आयपीए म्हणजे घोट्याला आणि आयपीएस म्हणजे नडगीला धक्क्यापासून संरक्षण. ही अक्षरं नसलेला बूट दिसायला कितीही दणकट असला तरी घेऊ नका. दुकानात जाडे, लांब मोजे घालूनच मापा आणि शक्य असेल तर बाईकवर बसून गिअर टाकून पाहा. पुढचा भाग फार जाड असेल तर बूट लिव्हरखाली शिरत नाही. तेव्हा लिव्हर थोडा वर घ्यावा लागतो.

वॉटरप्रूफ बुटांचा मोह इथे आवरा. पावसाळ्यात पऱ्या (ओढा) ओलांडताना पाणी वरून आत जातं आणि अस्तरामुळे बाहेर पडत नाही. साधा बूट लवकर निथळतो. घरी आल्यावर आतला सोल काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. चुलीशेजारी किंवा कडक उन्हात ठेवलात तर तळाचा गोंद सुटतो.

नी गार्डचं माप उभ्याने घेऊन भागत नाही. गुडघा वाकवून, फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभं राहून पाहा: वाटी गुडघ्यावरच राहिली पाहिजे. पट्टे गुडघ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे हवेत, कारण एकच पट्टा घामाने घसरतो. नडगीचा भाग बुटाच्या आत गेला पाहिजे. दोघांमध्ये फट राहिली तर दगड नेमका तिथेच लागतो.

आर्मरच्या, म्हणजे मार झेलणाऱ्या कवचाच्या, लेबलवर गुडघा, कोपर, खांदा यांसाठी ईएन १६२१-१, पाठीसाठी १६२१-२ आणि छातीसाठी १६२१-३ पाहा. लेव्हल २ चांगली: पाठीच्या कवचातून आत पोचणारा सरासरी आघात लेव्हल १ ला १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ ला ९ पर्यंतच. ईएन १४०२१ लिहिलेलं छातीकवच उडणाऱ्या खड्यांपुरतं असतं, पडल्यावरच्या माराला ते पुरत नाही. आणखी एक खूण शोधा, टी+. हे कवच ४० अंशांनाही तपासलेलं असतं. मऊ, लवचिक आर्मर उन्हात आणखी मऊ पडतं, त्यामुळे मे महिन्यात या खुणेला अर्थ आहे. जाड जॅकेटपेक्षा जाळीचा आर्मर शर्ट आणि त्यावर सैल जर्सी बरी. उकाड्याने चेन उघडून फिरावं लागेल असं जॅकेट पडताना जागचं हलतं.

अंगावर एवढं सगळं चढवलं की वाट सोडून सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गाडी घालावीशी वाटते. तसं करू नका. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि कित्येक गवताखाली सहज दिसत नाहीत.

हेल्मेटवर आयएसआयची खूण, आयएस ४१५१, हवीच. १ जून २०२१ पासून त्याशिवाय विक्रीच बेकायदा आहे. डोक्याचं माप भुवयांच्या थोडं वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्या. पट्टा बांधून, मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढा. ते निघून आलं तर माप मोठं आहे. पंधरा-वीस मिनिटं घालून बसा, कपाळावर एका जागी दुखलं तर आकारच वेगळा हवा. गॉगल नेऊन त्याच हेल्मेटमध्ये बसवून पाहा. काच पारदर्शक आणि दुहेरी घ्या: दाट झाडीत काळ्या काचेतून मुळं दिसत नाहीत आणि दमट हवेत एकेरी काचेवर वाफ धरते. एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, आतलं थर्माकोल दबलेलं असतं.

ग्लोव्हज पातळ तळव्याचे, दोन जोड. नेक ब्रेस (मानेभोवतीचं संरक्षक कडं) घ्यायचा असेल तर स्वतःचं हेल्मेट आणि छातीकवच बरोबर नेऊनच.

किनाऱ्याजवळ चालवलं असेल तर त्याच दिवशी बकल आणि स्क्रू गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या हवेने ते गंजतात. वेल्क्रोत अडकलेली वाळू जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पट्टा धरत नाही. आर्मर खिशातून काढून कपडे वेगळे धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी येते.