ऑनलाइन सेवाकार्य सुरू करताय? कॅमेऱ्याचा विषय शेवटी घ्या

मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, ऑनलाइन सेवाकार्य करायचं म्हटलं की कमिटीच्या मीटिंगमधे पहिल्यांदा कॅमेराच निघतो. कुठला घ्यायचा, किती घ्यायचे, स्टँड कोण देणार. माझं म्हणणं, आधी हे ठरवा की समोरून मेसेज आला तर उत्तर कोण देणार, नाहीतर ते नुसतं प्रक्षेपण होतं.

आमचे पहिले काही महिने असेच गेले. उपासना मस्त लाइव्ह जायची, पाहणारेही बरेच असायचे, आणि एक दिवस सहज पेजचा इनबॉक्स उघडला तर "आई आयसीयूत आहे, प्रार्थना कराल का" असा मेसेज, तीन आठवडे जुना, कोणी बघितलाच नव्हता. काय उत्तर लिहायचं तेच सुचेना. तेव्हापासून पाळी लावलीय, आठवड्याला दोघं जण, २४ तासांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. दोघं अशासाठी की एकटा माणूस थकतो आणि मग वैतागून कायतरी लिहितो. लहान मुलांशी तर एकेकट्याने खासगी चॅट अजिबात नको, ग्रुपमधे दोन मोठी माणसं हवीतच. कोणी जीव द्यायची भाषा केली तर प्रार्थनेचा इमोजी टाकून मोकळं होऊ नका, लगेच फोन करा, घरच्यांशी नाहीतर हेल्पलाइनशी जोडून द्या, तो नंबर पाळीवाल्यांच्या फोनमधे आधीपासून सेव्ह असावा.

आणि हो, प्रार्थना विनंती ग्रुपवर टाकायच्या आधी त्या माणसाला विचारा. आजाराचं नाव तर नकोच, कारण स्क्रीनशॉट कुठे कुठे फिरतो ते आपल्या हातात नसतं.

आता तांत्रिक. यूट्यूबवर लाइव्ह पहिल्यांदा चालू करून घ्यायला २४ तास लागू शकतात आणि मोबाइलवरून करायचं तर ५० सबस्क्रायबर लागतात, त्यामुळे शनिवारी रात्री चॅनल काढून रविवारी सकाळी लाइव्ह जाऊ असं होत नाही. अभ्यासगटाला झूम बरं पडतं, फक्त फुकटवाल्यात ४० मिनिटांनी मीटिंग बंद होते, बरोबर प्रार्थना रंगात आलेली असताना. २०२० मधे लोकांच्या मीटिंगमधे अनोळखी माणसं घुसून नको ते दाखवायची, म्हणून वेटिंग रूम चालू ठेवा, म्हणजे होस्टने (मीटिंग चालवणाऱ्याने) आत घेतल्याशिवाय कोणी येत नाही, स्क्रीन शेअर फक्त होस्टला, आणि लिंक उघड्यावर टाकू नका.

गाण्यांचं बघा. भजन शंभर वर्षं जुनं असलं तरी त्याचं रेकॉर्डिंग कोणाच्यातरी मालकीचं असतं, ते मागे वाजवलंत तर यूट्यूबची सिस्टिम पकडते. स्वतः गा, आणि नवीन गाणं असेल तर स्वतः गाण्यासाठीही परवानगी घ्या.

अकाउंट एकाच हौशी मुलाच्या ईमेलवर काढू नका, तो नोकरीला लांब गेला की पासवर्डही गेला. संस्थेचा ईमेल, दोन अ‍ॅडमिन, टू-स्टेप चालू, म्हणजे नुसत्या पासवर्डवर कोणी आत शिरत नाही. दान संस्थेच्याच खात्यात. पाळकांचा (पास्टरांचा) फोटो लावून पैसे मागणारी खोटी अकाउंट निघतात, म्हणून "आम्ही मेसेजवर पैसे मागत नाही" हे पेजवर वरच लिहून ठेवा.

हे सगळं लागलं की मग माइक. कॉलरला लावायचा साधा माइकसुद्धा चालतो, कारण चित्र जरा धूसर असलं तर लोक बघतात पण आवाज घुमायला लागला की निघून जातात. तपासायला कोणालातरी दुसऱ्या खोलीत इयरफोन घालून मोबाइल डेटावर बसवा, वायफायवर नको.

आणि कॅमेरा? हातातल्या फोनचा मागचा कॅमेरा, आडवा धरून. फक्त पाळकांच्या पाठीमागे खिडकी येऊ देऊ नका, तोंड काळं दिसतं.