नदीत उतरून मासेमारी करण्यासाठी चाकू कसा निवडावा

मुंबईहून सुट्टीच्या दिवशी उल्हास, भातसा किंवा कुंडलिकेच्या पात्रात उतरून गळ टाकणाऱ्यांनी चाकू घेताना मासा साफ करण्याचा विचार मुळीच करू नये. त्यासाठी घरची सुरी पुरेशी आहे. मांडीएवढ्या पाण्यात चाकूचे खरे काम असते ते पायाला गुंडाळलेली तंगूसची दोरी किंवा तळाशी अडकलेले जुने जाळे एका हाताने, न पाहता, तत्काळ कापण्याचे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेले पाणी कुंडलिकेत येते तेव्हा पातळी भराभर चढते, आणि अशा वेळी दोन्ही हातांनी उघडावा लागणारा घडीचा चाकू कुचकामी ठरतो. त्याच्या सांध्यात वाळू शिरली, तर तो उघडेलच याचीही खात्री नाही. म्हणून पाते मुठीत पक्के बसवलेला चाकूच घ्यावा. सात ते दहा सेंटिमीटरचे पाते पुरते.

शेवाळलेल्या खडकांवर पाय घसरणारच, हे धरून चालावे आणि टोक बोथट असलेले पाते निवडावे. मुठीकडची अर्धी धार दातेरी असावी, कारण ओल्या, ढिल्या दोरीवरून साधी धार निसटते, तर दाते तिला धरून कापतात.

ज्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, ते स्टेनलेस म्हणवते. तरीही वसईच्या खाडीसारख्या खाऱ्या पाण्यात वापरल्यावर तेसुद्धा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवावे लागते. ४२० वर्गातल्या पोलादाची धार लवकर उतरते हे खरे, पण ती दगडावर सहज लागते आणि गंजही कमी धरते, म्हणून या कामासाठी मी तेच पसंत करीन. एच१ हे नायट्रोजनयुक्त पोलाद खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाही, मात्र ते महाग पडते.

म्यानाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि चाकू हरवतो तो त्यामुळेच. चामड्याचे म्यान पाणी धरून ठेवते व पाते आतल्या आत गंजवते. त्याऐवजी तळाला भोक असलेले कडक प्लास्टिकचे म्यान घ्यावे. दुकानातच चाकू म्यानात घालून उलटा धरावा आणि जोरात झटकावा. निसटला, तर तो परत ठेवून द्यावा. मग हात ओला करून, डोळे मिटून, आधी उजव्या आणि नंतर डाव्या हाताने तो बाहेर काढून पाहावा. मूठ खरखरीत रबराची, बोटे पात्यावर घसरू न देणारी आणि शक्यतो नारिंगी रंगाची असावी. म्यान कमरेला न लावता छातीवरच्या पट्ट्याला अडकवावे, म्हणजे दोन्ही हात तिथे पोहोचतात.

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, घरगुती वा शेतीसारख्या कामासाठी बनवलेले नसेल, तर शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. आपला चाकू त्याहून लहानच असतो. तरी मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगण्यावरही बंदी असू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी चालू आदेश पाहून घ्यावा, आणि चाकू पट्ट्याला लावायचा तो नदीकाठी पोहोचल्यावरच.