‘अनस्ट्रेस्ड’ म्हणजे टेन्शन-फ्री नव्हे! या चुका टाळा

इंग्रजी बोलायला शिकवताना दर बॅचमध्ये एकजण तरी विचारतोच, “सर, अनस्ट्रेस्ड म्हणजे टेन्शन नसलेलं ना?” स्ट्रेस म्हटलं की आपल्याला ऑफिस आणि ब्लडप्रेशरच आठवतं. उच्चारांत स्ट्रेस म्हणजे आघात. ज्या अक्षरावर किंवा शब्दावर तो पडत नाही, ते अनस्ट्रेस्ड. निवांत माणसाला ‘रिलॅक्स्ड’ म्हणा आणि विषय संपवा.

खरा त्रास पुढे आहे. पंगतीत वाढल्यासारखा आपण प्रत्येक अक्षराला सारखा जोर देतो. इंग्रजीत तसं चालत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर. शेवटी ‘अर’ लागला की तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि मघाचा ऐटबाज ‘फो’ आक्रसून ‘फ’ होतो: ‘फटॉग्रफर’. अनस्ट्रेस्ड स्वर बहुतेक वेळा असा पुसट ‘अ’ होतो. हा ‘अ’ आपल्या मुळाक्षरांत पहिलाच, पण स्पेलिंगमध्ये ओ दिसला की आपण ‘ओ’ म्हणणारच!

शब्दांचंही तेच. माझ्या एका विद्यार्थ्याची अमेरिकन बाईंबरोबर फोनवर मुलाखत होती. मी शेजारीच बसलो होतो. सोमवारी रुजू होणार का, असं त्यांनी विचारलं. गडी ठासून म्हणाला, “आय कॅऽन जॉईन ऑन मंडे.” बाई म्हणाल्या, “ओह, यू कॅन्ट?” अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’चा ‘ट’ जवळजवळ गिळला जातो, त्यामुळे जोर दिलेला ‘कॅन’ त्यांना नकारच वाटला. हा आणखी मोठ्याने ‘कॅन’ म्हणाला, त्या आणखी गोंधळल्या. शेवटी मी वहीवर खरडलं, ‘आय कन जॉऽईन’. ‘कन’ पुटपुटून ‘जॉईन’वर जोर दिला, तेव्हा कुठे बाईंना होकार कळला.

‘अनस्ट्रेस्ड’ आणि ‘अनएम्फॅटिक’ यांची सरमिसळ करू नका. पहिला अक्षरांना, स्वरांना, शब्दांना लागतो. दुसरा सांगण्याच्या ढंगाला. कुणी मोठी बातमी सपाट आवाजात दिली, तर तो सूर अनएम्फॅटिक.

अनस्ट्रेस्ड म्हणजे सायलेंटही नव्हे. अक्षर उच्चारायचं, फक्त मिरवायचं नाही.

डिक्शनरीत उच्चार देताना वर जी बारीक उभी रेघ असते, ती पुढच्या अक्षरासाठी असते, मागच्या नव्हे. हे न बघताच निम्मी मंडळी ‘सात दिवसांत ॲक्सेंट’वाले व्हिडिओ लावतात. आठव्या दिवशी माझ्याकडे येतात, आणि आधी जे चुकीचं बसलंय ते काढण्यात माझा महिना जातो.

माझी सवय साधी आहे. नवा शब्द आला की जोराच्या अक्षरावर टेबलाला टिचकी मारायची, बाकीची अक्षरं ओठ फार न उघडता सोडून द्यायची. घरचे वैतागतात. टेबलाच्या कडेचं पॉलिशही गेलंय.