नोकरी सांभाळून सॉफ्टवेअरची पदवी निवडताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे नोकरी करीत असताना सॉफ्टवेअर विकासाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी जाहिराती वाचण्याआधी आपल्या हाती असलेली पदवी पाहावी. पदवीधराने बारावीला अथवा पदवीला गणित घेतले असेल, तर पुन्हा तीन वर्षांचे बीसीए (संगणक उपयोजनातील पदवी) करण्यात फारसा अर्थ नाही; दोन वर्षांचे एमसीए (त्याच विषयातील पदव्युत्तर पदवी) दूरस्थ पद्धतीनेही करता येते. पदवी नसलेल्यांना इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) बीसीए सोयीचे आहे, कारण ते किमान ३ व कमाल ६ वर्षांत पूर्ण करण्याची मुभा असते, आणि पाळ्या बदलत राहणाऱ्या भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याला ही सवड शुल्कातील सवलतीपेक्षा मोलाची वाटेल. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीला जेईई ही प्रवेश परीक्षा लागत नाही, मधल्या टप्प्यावर डिप्लोमा घेऊन थांबताही येते. मात्र तिचे साप्ताहिक स्वाध्याय चुकवून चालत नाहीत आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, म्हणून जवळचे केंद्र कोणते, हे आधी विचारावे.

प्रवेशापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत केवळ संस्थेचे नव्हे, तर त्याच अभ्यासक्रमाचे नाव त्या सत्रासाठी आहे का, हे स्वतः तपासावे. ‘घरबसल्या बी.टेक.’ सांगणाऱ्या दलालाशी तर बोलूच नये, कारण दूरस्थ अभियांत्रिकी पदवीला मान्यता नाही. शेवटी अभ्यासक्रमपत्रिका उघडून डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रत्यक्ष प्रकल्प यांना किती श्रेयांक (क्रेडिट) दिले आहेत, ते मोजावे.