ब्रँडेड घ्यायचं की साधं? वाणसामानाची यादी अशी तपासा

मागच्या महिन्याचं वाणसामानाचं बिल आणि औषधांची पावती शोधून काढा. हातात पेन घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा माल चांगला आहे की नाही, हे मला घरी कळतं का? कळत असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. ब्रँडेड चांगलं की साधं, हा वाद कट्ट्यावर रंगवायला ठीक आहे. दुकानात मात्र या खुणाच कामाला येतात.

आधी बरोबरची खूण केलेल्या वस्तू घ्या. साखर, तूरडाळ, पोहे, गूळ, शेंगदाणे, तांदूळ. पाकिटातली डाळ आणि भवानी पेठेत पोत्यातून मोजून दिलेली डाळ, यांत बरेचदा फरक असतो तो निवडण्याच्या मेहनतीचा. ती मेहनत करायला वेळ नसेल तर पाकिटाचे जादा पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. तांदळाचं मात्र जपून. दहा किलो एकदम उचलू नका. मूठभर तळहातावर घेऊन कणी किती आहे ते पाहा, वास घ्या, तांदूळ नवा की जुना ते विचारा. नव्याला पाणी कमी लागतं आणि भात चिकट होतो. मावळचा इंद्रायणी म्हणून भलताच तांदूळ गळ्यात पडू शकतो. अर्धा किलो आणून शिजवा. कुकर उघडल्यावर स्वयंपाकघरात वास दरवळला आणि भात मऊ, चिकटसर झाला, तर उरलेला घेऊन या.

हळदीची गोष्ट उलटी आहे. सुट्या हळदपुडीत लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळलेला असेल तर ती जास्तच छान दिसते, म्हणजे डोळ्यांवर भरवसा ठेवून उपयोग नाही. हळकुंडं आणि मिरच्या आणून डंकावर कुटून घ्या. तेवढा वेळ नसेल तर अॅगमार्कचं, म्हणजे शेतमालाच्या प्रतीची सरकारी खूण असलेलं, पाकीट घ्या, मग त्यावर नाव कुणाचंही असो.

आता पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात. खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. मग उत्पादक कोण आणि विकणारा कोण, या दोन ओळी वाचा. मॉलच्या स्वतःच्या नावाचा माल आणि शेजारच्या फळीवरचा नावाजलेला माल एकाच कारखान्यात तयार झालेला असू शकतो. अर्थात कारखाना एक म्हणजे कृतीही एक, असं नव्हे. म्हणून घटकांची यादीही ताडून पाहा. किंमत ग्रॅममागे किती पडते तेही बघा, कारण मोठा पुडा दरवेळी स्वस्त पडतोच असं नाही. अंगाच्या साबणावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध द्रव्याचं प्रमाण, शोधा: पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के लागतो. ‘बेदिंग बार’ लिहिलेली वडी त्या मापात बसत नाही, जाहिरातीत कोणीही नाचत असो. आईस्क्रीमच्या डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ छापलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल आहे असं समजा.

चवीचा निकाल घरीच लावा, पण झाकून. आम्ही चहाचा लावला. तीन सारखे कप, तळाला पेन्सिलीने आकडे, एकात नेहमीचा ब्रँड, एकात रविवार पेठेतली सुटी पावडर, एकात मॉलची. दूध-साखर मोजून, उकळायचा वेळही तोच. माझी खात्री होती की आईला ओळखता येणार नाही. तिने पहिल्याच घोटाला नेहमीचा कप बाजूला काढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. तेव्हा चहा ब्रँडेडच राहिला. पोह्यांत मात्र कोणालाच काही कळलं नाही, ते आता सुटेच येतात.

औषधांच्या पावतीत पैसे सर्वांत जास्त वाचू शकतात, आणि घाई करायची नाही तीही इथेच. गोळीच्या पट्टीवर ब्रँडच्या नावाजवळ औषधाचं मूळ नाव आणि मात्रा छापलेली असते. ती कागदावर उतरवा. गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही, आणि पुढे एसआर किंवा ईआर अशी अक्षरं असतील तर तीही, कारण ती गोळी शरीरात हळूहळू सुटते. जेनेरिक म्हणजे तेच मूळ औषध, नावाजलेल्या ब्रँडशिवाय. हा कागद डॉक्टरांना दाखवून ‘जेनेरिक चालेल का’ असं सरळ विचारा, मग जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, जा. रक्तदाब, मधुमेह अशा रोजच्या गोळ्यांत फरक लगेच दिसतो. थायरॉइड, फिट्स किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधांची कंपनी मात्र डॉक्टरांना न विचारता बदलू नका, कारण मात्रेतला थोडासा फरकही तिथे त्रास देतो. आणखी एक. साध्या मेडिकलमध्ये जेनेरिक म्हणून मिळणाऱ्या पट्टीवरची छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असू शकते. जेनेरिक या शब्दावर खूश होऊ नका, ‘कितीला देणार’ ते विचारा.

विजेच्या आणि गॅसच्या वस्तूंत काटकसर नको. मी एकदा रस्त्यावरून स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड आणला होता. इस्त्री लावून दहा मिनिटं झाली असतील, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. प्लग काढला तर भोकं वितळून वाकडी झालेली. तेव्हापासून बोर्ड, गॅसची नळी, रेग्युलेटर, कुकर आणि हेल्मेट घेताना नाव नाही, आयएसआय खूण बघतो. नुसती खूण कोणीही छापेल, म्हणून तिच्याखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपमध्ये टाकून बघावा. दुकानातच दोन मिनिटांत होतं.

बिल प्रत्येक वेळी मागून घ्या. त्याशिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार केली तरी हातात दाखवायला काही नसतं. आणि सगळी यादी एका झटक्यात बदलू नका, नाहीतर घरात बंड होतं. महिन्याला एक वस्तू पुरे. आमच्याकडे सध्या भांड्यांच्या साबणाची पाळी आहे. स्वस्तातली वडी पाण्यात लवकर विरघळते असं दिसतंय, पण अजून पंधरा दिवस बाकी आहेत.