भाड्यासाठी छोटे घर घेताना या चुका टाळा

नालासोपारा, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात गुंतवणुकीसाठी वन रूम किचन घेणारे बहुतेक जण भाड्याला बाराने गुणून घराच्या किमतीने भागतात आणि आलेल्या टक्केवारीवर विसंबून टोकन देऊन मोकळे होतात. हा हिशेब अपुरा आहे, हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलो.

नालासोपाऱ्यात मी १८ लाखांना घर घेतले. भाडे ७,५०० रुपये होते, म्हणजे वर्षाला ९० हजार, अर्थात ५ टक्के. प्रत्यक्षात मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि डागडुजी धरून घर २० लाखांना पडले. पहिला करार संपताच, एजंटच्या सांगण्यावरून, मी भाडे १० टक्क्यांनी वाढवले. भाडेकरू एका गोदामात कामाला होता आणि त्याची पत्नी घरी शिवणकाम करी. दोघांचे मिळून जेमतेम २२ हजार येत आणि त्या वर्षी त्याचा पगार वाढलेला नव्हता. त्यांनी वाद घातला नाही. घर झाडून, शेवटच्या वीजबिलाची पावती ओट्यावर ठेवून ते निघून गेले. नंतर दोन महिने घर रिकामे राहिले आणि नवा भाडेकरू जुन्याच भाड्यावर मिळाला. हाती आलेल्या ७५ हजारांतून दलाली ७,५००, सोसायटीची वर्गणी १२ हजार, घरपट्टी ३ हजार, गळती आणि रंगकाम साडेचौदा हजार वजा जाता ३८ हजार उरले, म्हणजे २ टक्केही नाहीत. वर्षाला ९ हजार जादा मिळवण्याच्या नादात चांगले कुटुंब मी गमावले, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी वर्षाचे भाडे दहाच महिन्यांचे धरतो. भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे जाऊ देत नाही, कारण अशा वस्तीत घरमालकाची नव्हे, भाडेकरूच्या पगाराची मर्यादा भाडे ठरवते. खरेदीपूर्वी कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर इमारतीखाली उभा राहून किती खिडक्या अंधाऱ्या आहेत ते मोजतो आणि तिथल्या भाडेकरूंना ते खरोखर किती भाडे देतात ते विचारतो. एका रविवारी घर पाहून पुढच्या रविवारी व्यवहार उरकणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

दुसरी चूक म्हणजे नोटरीच्या कागदावर करार भागवणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरते घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. थोडे पैसे वाचवण्यासाठी हा धोका पत्करण्यात शहाणपणा नाही.

घर भाड्याने दिल्यावर सोसायटीला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते. त्याहून अधिक मागितल्यास लेखी हरकत घ्या. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर हस्तांतरणबंदीच्या मुदतीत मुखत्यारपत्रावर घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त मिळत असो.