न्यू इंग्लंडचे जुने कागद वाचायला बसताना

न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहती. त्यांचे सतराव्या शतकातले कागद वाचताना नवा अभ्यासक बहुधा पहिल्याच पानावर घसरतो, कारण पिल्ग्रिम आणि प्युरिटन त्याला एकच वाटतात. पिल्ग्रिम, म्हणजे 1620 मध्ये प्लिमथला आलेला हॉलंडमधल्या लायडनचा गट, विभक्ततावादी होता, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड सोडून बाहेर पडलेला. 1630 मध्ये गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपबरोबर मॅसॅच्युसेट्स बेला आलेल्या प्युरिटनांना तेच चर्च आतून शुद्ध करायचे होते. पिल्ग्रिमांच्या मेफ्लॉवर जहाजावरचे 102 प्रवासीसुद्धा सगळे धर्मापायी निघालेले नव्हते. म्हणून कोणाचेही नाव आले, की तो कोणत्या वसाहतीतला आणि त्याचा विरोध नेमका कशाला, हे आधी वहीत लिहून ठेवावे.

खरा घोळ तारखांचा. 1752 पर्यंत इंग्रजी वर्ष 25 मार्चला बदलत असे. पाडव्याची सवय असलेल्यांना हे चटकन पटेल. धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स बोस्टनला पोचला तो महिना जुन्या रीतीने फेब्रुवारी 1630, आणि विन्थ्रॉपची जहाजे आली जून 1630 मध्ये. नुसते आकडे पाहिले तर विल्यम्स आधी आलेला दिसतो; प्रत्यक्षात तो आठ महिन्यांनी आला. जानेवारी ते 24 मार्चमधली प्रत्येक तारीख 1630/31 अशी दुहेरी लिहा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या त्या काळच्या नोंदींतला ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. शिवाय जुने ज्युलियन आणि नवे ग्रेगोरियन या दोन पंचांगांत त्या शतकात 10 दिवसांचे अंतर होते, त्यामुळे मेफ्लॉवर करार (जहाजावरच्यांनी आपल्या कारभारासाठी केलेला) कुठे 11 तर कुठे 21 नोव्हेंबरचा दिसतो. दोन्ही बरोबर; टिपणात मात्र एकच पद्धत धरा.

लग्ने चर्चच्या वहीत शोधू नयेत. सुरुवातीच्या न्यू इंग्लंडमध्ये विवाह हा दिवाणी करार होता, तो दंडाधिकारी लावत. नोंद गावच्या दप्तरात सापडते. ‘फ्रीमन’ म्हणजे नुसता स्वतंत्र माणूस नव्हे, तर मतदानाचा हक्क असलेला. मॅसॅच्युसेट्स बेमध्ये 1631 पासून त्यासाठी चर्चचे सभासदत्व लागे.

खटल्यांच्या नोंदी सर्वांत सावकाश वाचाव्यात. 1637 मध्ये बोस्टनच्या ॲन हचिन्सनवर तिच्या धार्मिक मतांवरून खटला चालला तेव्हा विन्थ्रॉप स्वतः न्यायासनावर होता, आणि त्या वादासाठी आपण आधार घेतो तो बराचसा त्याच्याच लेखणीचा. गुन्हा म्हणून काय नोंदले आहे, तेही तपासा. क्वेकर मेरी डायरला 1 जून 1660 रोजी बोस्टनमध्ये फाशी दिली, ती हद्दपारीचा हुकूम मोडून परत आल्याबद्दल.